बंदी कायद्याची, मदत मर्जीची

टाळेबंदी हा शब्द श्रमजीवी वर्गाला नवा नाही. पूर्वी ती गिरणीचा मालक पुकारीत असे. सन २०२० मध्ये ती सरकारने साऱ्या देशावर पुकारली. साथीचा फैलाव रोखणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य होय, याविषयी वाद नाही. परंतु ज्या हुकुमाने मजुराच्या दाराला कडी लागते, त्याच हुकुमाने त्याच्या चुलीची तजवीज व्हावयास नको काय?

२४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश २१ दिवसांकरिता बंद झाला. ज्याचा पगार महिन्याचा, त्याने घरात बसून काळ कंठला. ज्याची मजुरी रोजची, खोली भाड्याची आणि रेशनकार्ड गावी, त्याने काय करावे? लाखो मजूर पायी निघाले. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चाललेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ थकून तेथेच झोपले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांचा बळी रोगाने घेतला नाही. वाटेत असे किती मेले, याची माहिती उपलब्ध नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेत सांगितले.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रेशनच्या यादीतील कुटुंबांस दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळाले. मालकांनी बंदच्या काळातील मजुरी कापू नये, असा हुकूमही २९ मार्च रोजी निघाला. परंतु १७ मेच्या हुकुमाने टाळेबंदी ३१ मेपर्यंत वाढली आणि त्याच हुकुमाने मजुरीची सक्ती मात्र १८ मेपासून संपली! बंदी कायम, भाकरीची हमी रद्द. याला न्याय म्हणावयाचे काय?

याचे मूळ कायद्यातच आहे. मुंबईच्या प्लेगमुळे जन्मलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात सरकारला अधिकार आहेत, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा आहे. परंतु घरी बसविलेल्या मजुराला भरपाई देण्याचे कलम नाही. संविधानाचे ४१ वे कलम बेकारीत व आजारपणात सार्वजनिक साहाय्याची तरतूद करण्यास राज्याला सांगते; पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येत नाही. म्हणजे बंदी कायद्याची आणि मदत मर्जीची, अशी ही विषम व्यवस्था आहे.

ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू झाली. प्रत्येक मजूर कुटुंबाने तीत आपले नाव अवश्य नोंदवावे. तथापि नोंद म्हणजे हक्क नव्हे. संचारबंदीच्या प्रत्येक दिवसाची किमान मजुरी आणि असेल तेथे धान्य, हे कायद्याच्या कलमातच लिहिले गेले पाहिजे. ही मागणी साथ नसतानाच केली पाहिजे. मत मागावयास जो कोणी दारी येईल, त्याला बंधुभगिनींनी हा प्रश्न विचारल्यावाचून परत पाठवू नये. दयेवर जगणे आपण नाकारले आहे. संकटकाळी तरी ते का पत्करावे?