थांबा जी!

2019 चा पावसाळा. पर्लकोटा नदीचं पाणी भामरागडात शिरलेलं. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प बघायला गेलेला मी, पूर ओसरल्यावर शेजारच्या भामरागडातल्या एका सुतारकाकांना मदत करायला पोचलो. घरातच वर्कशॉप. रंधा, पटाशी, करवत, सगळं गाळात! मी उत्साहात ड्रिल प्लगला लावणार, तेवढ्यात काका ओरडले, "थांबा जी! आत पानी हाये, मोटर जळन ना!"

आधी गाळ धुवायचा. लोखंड कोरडं करून लगेच तेल. लाकडी मुठी सावलीत, उन्हात तडकतात. ड्रिल उघडून नीट वाळवायचं. घाई केली, तर रोजीरोटीच जळणार.

हत्यारं सुधारल्यावर काकांचं पहिलं काम? शेजाऱ्याचं फुगलेलं दार. पैसे? "पाहू जी नंतर."

आणि आपण? ऑफिसात तासभर नेट गेलं की हाफ डे!