नेरूळची सात आश्चर्ये आणि कारागिरांची नावे

मुलांना सहलीला न्यायचे म्हटले की कामगाराच्या घरात आधी तिकिटांचा हिशेब मांडला जातो. आग्रा कधी घडेल ते घडो, रोम आणि पेरू तर आपल्या पगारात बसणारे नाहीत. म्हणून आम्ही वस्तीतली अकरा मुले आणि त्यांच्या चार-पाच आया यांना घेऊन हार्बर लाईनने नेरूळ गाठले. तिथे सेक्टर १९ ए मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेचे वंडर्स पार्क आहे. एका स्विस संस्थेने जगभरातून मते मागवून २००७ साली सात नवी आश्चर्ये जाहीर केली होती. (युनेस्कोचा त्या निवडीशी संबंध नव्हता, हे मुलांना सांगून ठेवावे.) त्या सातांच्या लहान प्रतिकृती इथे एकाच आवारात पाहायला मिळतात.

मुलांचे पहिले लक्ष अर्थातच छोट्या आगगाडीकडे! ती हौस आधी भागवावी, नाहीतर पुढे कोणी काही ऐकत नाही, हा आमचा अनुभव.

ताजमहालापाशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, कारागिरांचे हात तोडले होते ना?" ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. तिला त्या काळातला कोणताही पुरावा नाही, हे आम्ही स्पष्ट सांगितले. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही सवय लहानपणीच लागलेली बरी. पण त्या मुलीचा प्रश्न वाया गेला नाही. १६३२ च्या सुमारास काम सुरू झाले, वीस हजार माणसे राबली असे सांगतात. मग त्यांतल्या किती जणांची नावे ताजवर आहेत? अक्षरे कोरवून घेणाऱ्या अमानत खानाची सही तेवढी सापडते. बाकीचे गवंडी, पाथरवट, हमाल कुठे गेले?

तेव्हापासून मुलांनी प्रत्येक प्रतिकृतीपुढे तोच प्रश्न लावून धरला आणि आमची चांगलीच परीक्षा घेतली. रोमचे कलोसियम इसवी सन ८० मध्ये खुले झाले. सुमारे पन्नास हजार माणसे बसतील एवढी ती वास्तू आजही राजघराण्याच्या नावाने ओळखली जाते. चीनच्या भिंतीवर मिंग राजवटीतल्या काही विटा अशा आहेत की त्यांवर साल आणि लष्करी तुकडी यांचा शिक्का आहे. हा मान देण्याचा प्रकार नव्हे. कामाची जबाबदारी कोणाची ते कळावे म्हणून! आमच्यासारख्या कारकुनाला हा शिक्का लगेच समजतो. माचू पिचूपाशी मुले दमली होती. मेक्सिकोच्या चिचेन इत्झापाशी आम्ही गणित घातले: चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, अधिक वरचा चौथरा, किती झाले? ३६५ हे उत्तर एका चौथीतल्या मुलाने बोटांवर काढले आणि वर्षाचे दिवस तेवढेच, हे त्याचे त्यानेच ओळखले.

ब्राझीलमधला ख्रिस्ताचा पुतळा १९३१ साली पूर्ण झाला. चौथरा सोडून उंची ३० मीटर. इंजिनिअर आणि शिल्पकार यांची नावे पुस्तकांत आहेत. पण त्या पुतळ्याच्या अंगावर शंखजिऱ्याच्या दगडाचे छोटे त्रिकोणी तुकडे बसवले आहेत. ते तुकडे कापडावर चिकटवण्याचे काम बायकांनी केले आणि त्यांतल्या कित्येकींनी तुकड्यांच्या मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावे लिहून ठेवली. हे ऐकून आमच्याबरोबरच्या आया, एरवी सावली शोधून बसणाऱ्या, उठून जवळ आल्या. एकजण म्हणाली, "मी असते तर माझ्या आईचं लिहिलं असतं."

जॉर्डनमधले पेट्रा मात्र आपल्या लोकांना परके वाटायचे कारण नाही. तिथल्या दर्शनी इमारती बांधलेल्या नाहीत; डोंगर वरून खाली कोरत आणून त्या घडवल्या. म्हणजे आपल्या लेण्यांचीच रीत! साधारण त्याच शतकांच्या आगेमागे कार्ल्याचे चैत्यगृह कोरले गेले, सुमारे १२४ फूट लांब. आणि तिथे नावे आहेत. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दरवाजा केला, असे ब्राह्मी अक्षरांत दगडावर लिहिले आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचे दान नोंदले आहे. खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. सुताराचे नाव शेठ-सावकारांच्या नावांबरोबर दोन हजार वर्षे टिकले, हे आम्ही सांगितले तेव्हा ज्याचे वडील फर्निचरच्या कारखान्यात आहेत तो मुलगा म्हणाला, "तिथे कधी जायचं?"

तेव्हा पुढची सहल ठरली. कार्ल्यासाठी लोणावळ्याला उतरून पुणे लोकलने पुढचे मळवली स्टेशन गाठावे, तिथून रिक्षा मिळते. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हाताऱ्या माणसांना सावकाश न्यावे. एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा आणि पावसाळ्यातले रविवार टाळावेत, गर्दीत शिलालेखापुढे उभे राहता येत नाही. वही-पेन्सिल आणि ब्राह्मी अक्षरांचा तक्ता मुलांनी बरोबर घ्यावा.