कळा तिच्या, सहीही तिचीच

लेकींनो, आणि त्यांच्या घरच्या माणसांनो, मी तीस वर्षं प्रसूतिकक्षात सिस्टर होते. एक प्रसंग अजून मनातून जात नाही. आत एक पहिलटकरीण कॉटचा लोखंडी दांडा धरून कळा सोसत होती. बाहेर व्हरांड्यात नवऱ्याने कागदावर सही केली, सासऱ्यांनी खाली फोन नंबर लिहिला. सिझर होणार हे तिला कळलं ते ट्रॉलीवर घेतल्यावर. तो कागद बाहेर नेणारी मीच होते. ती शुद्धीवर होती, बोलत होती, तरी तिला विचारावं हे मला सुचलं नाही. म्हणून आज हे लिहिते आहे.

सज्ञान बाई शुद्धीवर असेल तर तिच्या शरीरावर काय करायचं, याची परवानगी तिच्याकडूनच घ्यायची असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेला तिच्या आईने दिलेला होकार न्यायालयाने ग्राह्य धरला नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असंही बजावलं. जीव धोक्यात असेल आणि तिला बोलताच येत नसेल, तर डॉक्टरांनी थांबू नये. एरवी नवऱ्याच्या सहीने भागत नाही. बाळंतपणानंतर तांबी बसवायची असेल, तरी तिला आधी विचारलंच पाहिजे.

सिझरचं नाव निघालं की विचारा: कशासाठी? आत्ताच का? थोडं थांबलं तर काय होईल? बाळाचे ठोके मंदावले असतील, अंगावरून खूप जात असेल, तर उत्तर एका वाक्यात मिळतं. तिथे वेळ घालवू नका. सिझरने वाचलेल्या आया आणि बाळं मी या हातांनी सांभाळली आहेत. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांतली शंभरातली सुमारे १४ बाळंतपणं सिझरने झाली, खासगीतली ४७. एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीमुळे पडत नाही. विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

आम्ही वर्षानुवर्षं प्रत्येकीला उताणं झोपवलं. एका रात्री एक बाई ऐकेना. आईच्या गळ्यात हात टाकून ती कॉटशेजारी उकिडवी बसली. कळ आली की आई तिची कंबर चोळायची, कळ ओसरली की पदराने कपाळ पुसायची. पहाटे बाळ आलं, एकही टाका न पडता. पुढे २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितलं: बाईला हवं ते माणूस सोबत असावं, तिला हवं तसं बसू-उठू द्यावं, सरसकट छेद देऊ नये, पोटावर जोर देऊन बाळ ढकलू नये. आपल्या केंद्र सरकारने तर २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे. आणि कळांनी ओरडणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ असं कोणी म्हणालं, तिच्यावर हात उगारला, तर ती शिस्त नव्हे. तो अपमान आहे. तक्रार करा.

काहीजणींना दवाखान्याची धास्ती वाटते, त्या घरीच बाळंत व्हायचं म्हणतात. तसं म्हणणं हा गुन्हा नाही. त्यासाठी कोणी त्यांना अडाणी म्हणू नये. पण मी खरं तेच सांगणार. नेदरलँड्ससारख्या देशात घरी येणारी सुईण प्रशिक्षित असते आणि दवाखान्याशी जोडलेली असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तशी सोय नाही. वार पडल्यावर रक्तस्राव थांबला नाही, तर तास-दोन तासांत बाई हातची जाते. पहिलं बाळंतपण, आधीचं सिझर, रक्त कमी, बीपी वाढलेला, जुळं किंवा पायाळू बाळ असेल, तर घरचा विचार सोडा. गाव दूर असेल तर आशाताईंना माहेरघराबद्दल विचारा. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ दिवस भरायच्या आधीच राहायची ती सोय आहे. पैशाची काळजी असेल, तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि गाडी मोफत आहे.

एवढं करा. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी नवरा-बायको दोघं बसा. सोबत कोण येणार, गाडी कोणाची, रक्त लागलं तर कोण देणार, आणि तिला काय हवं, काय नको, हे तिच्या शब्दांत कागदावर लिहा. तो कागद तपासणीच्या कार्डात ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांनो, तुमच्यासमोर सहीचा कागद आला, तर एकच म्हणा: “सिस्टर, हा आत न्या. तिला वाचून दाखवा.”