ट्रॅक्टरचा टायर मातीत किती घसरतो, हे कसं मोजतात?

ट्रॅक्टरची जाहिरात एचपी सांगते. पण ती ताकद नांगरापर्यंत पोहोचते का, हे ठरतं टायर आणि मातीच्या पकडीवर. अमेरिकेतली नेब्रास्काची ट्रॅक्टर चाचणी जगभर मानली जाते, मात्र तिथे ओढ मोजतात काँक्रीटच्या ट्रॅकवर. काँक्रीट रोज सारखंच राहतं, शेत राहत नाही!

म्हणून मातीच प्रयोगशाळेत आणली गेली. अलाबामातल्या ऑबर्न इथे 1930च्या दशकात वेगवेगळ्या मातींचे लांबलचक हौद बांधले गेले. यांना म्हणतात 'सॉइल बिन'. आयआयटी खरगपूरमध्येही असा हौद आहे. माती भुसभुशीत करायची, ठरावीक ओल द्यायची, रोलरने दाबायची, शंकूच्या टोकाची सळई खुपसून घट्टपणा तपासायचा आणि मग त्यावरून एकच चाक चालवायचं. चाक 10 मीटर जाण्याइतकं फिरलं, पण पुढे सरकलं साडेआठ मीटर, तर घसरण 15 टक्के. थोडी घसरण लागतेच, त्याशिवाय ओढ मिळत नाही. साधारण 8 ते 15 टक्के ठीक. त्यापुढे डिझेल वाया जातं, टायर झिजतो.

अशा चाचण्यांतून हवेचं महत्त्व कळलं. वजनाला पुरेल इतकीच हवा ठेवली, तर टायर जास्त पसरतो, पकड वाढते, जमीनही कमी दबते. आपल्याकडे घोळ इथेच होतो. उसाच्या ट्रॉलीसाठी टम्म भरलेला टायर तसाच नांगरटीला जातो.

अर्थात हौदात धसकटं नसतात, दगड नसतात. पावसात चाकाला लगदून बसणारी काळी माती तर प्रत्येक शिवारात वेगळी.