नमुना फुकट द्या, तारीफ विकत घेऊ नका

कापडाच्या धंद्यात नमुन्याला कुणी फुकटचा माल म्हणत नाही. ताक्याचा वीतभर तुकडा कापून आम्ही गावोगावच्या दुकानदारांना पाठवतो. दुकानदार तो चुरगाळून पाहतो, भिजवून रंग उतरतो का ते बघतो आणि मग ऑर्डर देतो. तुकड्याचा खर्च मालाच्या किमतीतच धरलेला असतो. म्हणूनच, एखादा लेखक आपली कादंबरी बाजारात येण्याआधी वाचकांना फुकट वाटतो हे ऐकून आमचे काही व्यापारी बांधव हसतात, याचे आम्हांला नवल वाटते. हा तर आपलाच रिवाज आहे.

मुंबईच्या अमीश त्रिपाठींचे उदाहरण घ्या. विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांची पहिली कादंबरी 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' अनेक प्रकाशकांनी परत पाठवली होती. 2010 साली ती निघाली तेव्हा पहिल्या प्रकरणाची पुस्तिका वेगळी छापून पुस्तकांच्या दुकानांत गल्ल्यापाशी फुकट ठेवली गेली. पुढे त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. अमेरिकेत 2003 साली 'द दा विंची कोड' येण्याआधी प्रकाशकांनी 10,000 आगाऊ प्रती विक्रेत्यांना आणि समीक्षकांना वाटल्या. एकही प्रत विकली जाण्यापूर्वी केलेला हा खर्च होता.

मात्र कापड आणि कादंबरी यांत एक फरक आहे. वीतभर तुकड्यावरून सगळा ताका कळतो. कादंबरीचे पहिले प्रकरण फक्कड असले तरी शेवट फसू शकतो. म्हणून वाचकाला अख्खे पुस्तक द्यावे लागते, आणि ज्याला ते फुकट मिळाले तो पुन्हा विकत घेणार नाही. मग लेखकाच्या हाती काय लागते? त्या वाचकाची जबान. चार माणसांत तो पुस्तकाबद्दल बोलेल, हीच काय ती कमाई.

खरा धोका इथेच आहे. जबानीची किंमत कळली की ती विकत घेण्याचा मोह होतो. ॲमेझॉन कंपनीने ऑक्टोबर 2016 मध्ये, आपली स्वतःची योजना वगळता, फुकट किंवा सवलतीचा माल घेऊन लिहिलेल्या अभिप्रायांवर बंदी घातली. पुस्तकांच्या आगाऊ प्रतींना तेवढी सूट ठेवली, कारण ती चाल फार जुनी आहे. पण अट अशी की, प्रतीच्या बदल्यात अभिप्राय मागायचा नाही आणि चांगलेच लिहा म्हणून दबाव आणायचा नाही. आपल्याकडेही जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितले की, समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याला वस्तू फुकट मिळाली असेल तर ते त्याने उघड सांगावे. एखाद्या बाईंना साडी देऊन मोबाइलवर तारीफ करवून घेणाऱ्या आमच्या दुकानदार भावांनीही हे ध्यानात ठेवावे.

आमचे मत साफ आहे. लेखकाने प्रत जरूर द्यावी, पण ज्यांना वाचनाची खरी आवड आहे अशा मोजक्याच लोकांना. प्रतीवर 'भेट' असे छापावे. कुणी खोट काढली तर त्याच्याशी बोलणे तोडू नये, उलट पुस्तक छापखान्यात जाण्याआधी ती दुरुस्त करावी. मालात गाठ आहे हे ताका बाजारात जाण्याआधी सांगणारा माणूस मागवाल्याचा हितचिंतकच असतो.

घेणाऱ्यावरही जबाबदारी येते. नमुना पाहून 'नको' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाबद्दल आमची कधीच तक्रार नसते. न पाहताच तो कोपऱ्यात टाकणाऱ्याने मात्र आमचे कापडही वाया घालवलेले असते आणि दुसऱ्या कुणाची संधीही. लेखकाकडून हक्काने प्रत मागून ती कपाटात ठेवणाऱ्या मंडळींना आम्ही एवढेच सांगू की, वाचायला वेळ नसेल तर प्रत घेऊच नका, आणि घेतलीत तर वाचून खरे तेच सांगा.