गेमसाठी टीव्ही घेताय? आधी खोली मोजा



“मुलगा वर्षभर प्लेस्टेशनसाठी मागे लागलाय, या दिवाळीला घेऊनच टाकतो. पण टीव्ही केवढा घेऊ? मोठ्या टीव्हीनं डोळे तर जाणार नाहीत ना?” हा प्रश्न आता दवाखान्यात सर्दी-तापाच्या गोळ्या लिहून घेता घेता विचारला जातो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली माणसं अशी खरेदी एक तर गावातल्या दुकानात करतात, नाही तर सुरतेला जाऊन. दोन्हीकडे ऐकायला मिळतं ते इंच, फोरके, हर्ट्झ, एचडीआर. मुलाचे डोळे, मान आणि झोप यांचा हिशेब त्यात नसतो. तो हिशेब आज मांडतो.

माझं मत आधीच सांगतो. घरात गेम खेळला जाणारच असेल, तर तो हातातल्या मोबाईलवर खेळण्यापेक्षा लांबच्या टीव्हीवर खेळलेला बरा. टीव्हीचा आकार खिशानं ठरवण्याआधी खोलीनं ठरवावा. आणि टीव्हीवर हजारो रुपये घालण्याआधी मुलाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत.

मोबाईलपेक्षा टीव्ही बरा, तो का?

जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्यातलं भिंग स्नायूंच्या मदतीनं फुगतं. वस्तू जितकी जवळ, तितकं हे काम जास्त. ते मोजणं सोपं आहे. एकाला मीटरमधल्या अंतरानं भागायचं, येणारं उत्तर डायॉप्टरमध्ये. मोबाईल २५ सेंटीमीटरवर धरला तर डोळ्याला ४ डायॉप्टरचा जोर लावावा लागतो. टीव्ही अडीच मीटरवर असेल तर फक्त ०.४. म्हणजे तोच गेम, तोच एक तास, पण भिंगाचं काम दहापट कमी.

मुलांमधला मायनस नंबर जगभर वाढतो आहे. त्यामागे आनुवंशिकता आहे, तसंच तासन्‌तास जवळून पाहणं आणि उन्हात न जाणं हेही आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानात नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता. ज्या शाळांत असं काही केलं नव्हतं, तिथे हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. टीव्ही कितीही चांगला घेतला तरी मैदानाची जागा तो घेऊ शकत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी मूल बाहेर काढण्यासारखं ऊन नसतं. तेव्हा सकाळचे दोन तास आणि संध्याकाळ मैदानाची, आणि दुपारचा थोडा वेळ गेमचा, अशी वाटणी करता येते.

आकाराचा हिशेब

घरी मोजपट्टी घ्या. मूल जिथे बसणार तिथपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर इंचात मोजा आणि निम्मं करा. साधारण तेवढ्या इंचांचा टीव्ही पुरे.

आपल्याकडचा हॉल बहुतेक दहा बाय बारा फुटांचा. सोफा किंवा दिवाण भिंतीला टेकवला आणि त्याची खोली वजा केली, की आडव्या बाजूनं साडेसात फूट अंतर उरतं. साडेसात फूट म्हणजे ९० इंच, निम्मे ४५. तिथे ४३ इंची टीव्ही छान बसतो. लांबीच्या बाजूनं नऊ फूट मिळत असतील तर १०८ इंच, निम्मे ५४. तिथे ५५ इंची चालेल. आणि पाच फुटांवर पलंग असलेल्या खोलीत ३२ इंचांच्या पुढे जाऊ नये.

ज्यांना चित्रात बुडून जायला आवडतं ते टीव्हीच्या इंचांच्या १.६ पट अंतरावरही बसतात. मोठ्यांनी तसं केलं तर हरकत नाही. मुलांसाठी मी दुपटीचाच आग्रह धरतो. फार जवळच्या फार मोठ्या पडद्यावर गेमचं चित्र वेगानं फिरलं की डोळे सांगतात “आपण पळतोय” आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं “बसलोय”. या गोंधळातून मळमळ आणि डोकेदुखी होते, अगदी तोरणमाळच्या घाटात बसमध्ये होते तशी. असं होत असेल तर थोडं मागे सरका, खोलीत दिवा लावा आणि गेमच्या सेटिंगमध्ये ‘मोशन ब्लर’ बंद करा.

फोरके, एटके आणि तुमचा डोळा

नेत्रतज्ज्ञाकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. १८६२ मध्ये हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी तो बनवला. ६/६ नजर म्हणजे काय, तर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखू येणं. हेच माप टीव्हीला लावून पाहू.

४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर. फुल एचडीमध्ये तेवढ्या रुंदीत १,९२० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. ६/६ नजरेला हे ठिपके सुट्टे दिसतात ते सुमारे १.७ मीटरच्या आत, म्हणजे साडेपाच फुटांच्या आत. साडेसात फुटांवर बसल्यावर फुल एचडीचेच ठिपके एकमेकांत मिसळून जातात, मग फोरकेचे आणखी बारीक ठिपके डोळ्याला वेगळे दिसणार कसे? काही तरुणांची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते, त्यांना थोडा फरक कळेल. पण एटकेसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे जे दिसणारच नाही त्याचं भाडं भरणं. आता ४३ इंचांपासून पुढचे बहुतेक संच फोरकेच येतात, ते खुशाल घ्या. जुना फुल एचडी संच चांगला चालत असेल तर केवळ गेमसाठी तो काढून टाकायची गरज नाही.

गेम खेळणाऱ्याला खरा फरक जाणवतो तो बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या उशिराचा. टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ असतो, तो सुरू केला की संच चित्रावरची जादा प्रक्रिया थांबवतो आणि हा उशीर बराच कमी होतो. त्याला एक रुपया लागत नाही. १२० हर्ट्झचं म्हणाल, तर बरेचसे गेम ३० किंवा ६० चित्रं प्रति सेकंद या वेगानंच चालतात. ही चैन आहे, तिच्यामुळे डोळ्यांचं भलं होत नाही.

एक गोष्ट मात्र तपासाच. नव्या गेममधली अक्षरं फार बारीक असतात आणि ती वाचायला मूल पुढे सरकत जातं. सात फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर पडद्यावर सेंटीमीटरभर उंच हवं. सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करायची सोय बहुतेक गेममध्ये असते.

मूल टीव्हीला चिकटून बसत असेल तर

“जवळून टीव्ही पाहू नको, डोळे जातील” हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य आहे. या भीतीला जुन्या डबा टीव्हींच्या काळात थोडा आधार होता. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं होतं. आजच्या सपाट पडद्यांतून क्ष-किरण येत नाहीत.

म्हणून हे वाक्य मला उलट्या बाजूनं वाचावंसं वाटतं. जवळ बसल्यानं डोळे जातात यापेक्षा, लांबचं दिसत नाही म्हणून मूल जवळ बसतं, असं अनेकदा असतं. ते मूल तक्रार करत नाही. कारण सगळ्यांना असंच धूसर दिसतं, असं त्याला वाटत असतं. शाळेत फळा दिसत नाही, वही अर्धी राहते, गुरुजी म्हणतात लक्ष नाही. अशा मुलासाठी ५५ इंची टीव्ही आणणं म्हणजे दुखणं झाकणं. मोठ्या पडद्यावर त्याला दिसेल, तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे, आणि फळा तसाच धूसर राहील.

घरी एक साधी चाचणी करा. मुलाला ठरलेल्या जागी बसवा, एक डोळा तळहातानं झाकायला सांगा आणि बातम्यांची पट्टी वाचायला लावा. मग दुसरा डोळा. दोन्हींत फरक पडला किंवा मूल डोळे बारीक करू लागलं, तर नेत्रतपासणी करा. एका डोळ्याचा नंबर लहानपणी लक्षात आला नाही तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र वापरणंच सोडतो. याला आळशी डोळा म्हणतात आणि सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर तो सर्वात चांगला सुधारतो. मूल चाचणीत पास झालं तरी वर्षातून एकदा तपासणी हवीच. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकंही अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात. पथक आलं की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका.

उंची आणि उजेड

बऱ्याच घरांत टीव्ही पार छताजवळ टांगलेला दिसतो. मान वर करून तासभर खेळलं की मान आखडते. शिवाय वर पाहताना पापण्या जास्त उघडतात, अश्रू लवकर उडतात, त्यात पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. मग डोळे चुरचुरतात. टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवा. सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी जमिनीपासून साडेतीन फूट, सतरंजीवर बसणाऱ्यांसाठी अडीच फूट. टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर तो भिंतीला बांधून टाका. लहान मूल धरून उभं राहायला गेलं की संच अंगावर येतो.

दुकानातला झगमगता ‘व्हिव्हिड’ मोड घरी बदला, ब्राइटनेस कमी करा. खोली पूर्ण काळोखी नको, टीव्हीच्या मागे किंवा बाजूला मंद दिवा असू द्या. ‘ब्ल्यू कट’ चष्म्यांवर मात्र पैसे घालवू नका. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात या काचांमुळे डोळ्यांचा ताण कमी होतो असा पुरावा मिळाला नाही.

घरात कुणाला फिट येत असेल तर

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि जवळपास ७०० जणांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. फिटचा आजार असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांना लुकलुकत्या प्रकाशानं फिट येऊ शकते, त्यात मुलं आणि किशोर जास्त. अशा घरात आधी डॉक्टरांशी बोला. लांब बसणं, दिवा चालू ठेवणं, जागरण टाळणं आणि गोळी न चुकवणं महत्त्वाचं. खेळताना डोळ्यांपुढे विचित्र वाटू लागलं तर एक डोळा तळहातानं झाकून तोंड फिरवावं. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा.

टीव्ही हॉलमध्येच

“मोठ्या टीव्हीमुळे मूल जास्तच नादी लागेल” हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येकाचं बोलणं ऐकून मी तरीही टीव्हीच्या बाजूनं उभा राहतो, कारण हॉलमधला टीव्ही सगळ्यांना दिसतो. आजीला मालिका पाहायची असते, वडिलांना बातम्या. तेव्हा गेम आपोआप थांबतो. पांघरुणातल्या मोबाईलला असा कुठलाच पहारेकरी नसतो. म्हणूनच मुलाच्या खोलीत वेगळा टीव्ही देऊ नका आणि झोपेच्या तासभर आधी खेळ बंद करा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको.

वर्षभर खेळावर ताबा राहत नसेल, अभ्यास, जेवण, मित्र सगळं मागे पडत असेल आणि नुकसान दिसूनही खेळ सुटत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत तो आजार मानला आहे. तिथे टीव्हीच्या इंचांचा प्रश्न उरत नाही, उपचारांचा येतो.

प्लेस्टेशन आणि टीव्ही मिळून लाखाच्या घरात खर्च जाऊ शकतो आणि आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांना तो शक्य नाही, याची मला कल्पना आहे. तुमच्या घरी जुना स्मार्ट टीव्ही असेल तर मोबाईलचं चित्र त्यावर पाठवता येतं. तेवढं केलं तरी नजर पडद्यापासून लांब जाते.

तेव्हा क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी मोजपट्टी, दुसऱ्या दिवशी मुलाची नेत्रतपासणी, आणि मग दुकान. चष्मा लागला तर तो आधी घ्या. तो टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि तो लावल्यावर मुलाला फळाही दिसतो.