विश्वस्त महोदय, दहा लाखांची पावती द्या

माझी पत्रे तुमच्या कार्यालयाने शिक्का मारून घेतली, उत्तर एकाचेही दिले नाही. म्हणून आता सर्वांदेखत विचारते.

माझे यजमान निवृत्तीनंतर तुमच्याकडे ध्यान शिकायला आले. त्यांना झोप लागू लागली, चिडचिड कमी झाली. हे मी नाकारत नाही. तक्रार ध्यानाची नाही, पैशाची आहे. पहिल्या शिबिराचे ३,५०० रुपये घेतलेत. दुसऱ्या पायरीचे २१,०००. प्रगत साधनेचे ७५,०००. मग आश्रमातल्या खोलीसाठी ४ लाख ‘ठेव’ आणि आजीव साधक होण्यासाठी ६ लाख. त्यापायी ग्रॅच्युइटीची मुदत ठेव मुदतीआधी मोडली, व्याजही कापले गेले. एकूण १० लाख ९९ हजार ५००. पावत्या फक्त ९९,५०० च्या! उरलेले दहा लाख तुमच्या शिक्षकांनी स्वतःच्या खात्यावर भरायला लावले. बँकेचा उतारा माझ्याजवळ आहे.

ज्या पावत्या दिल्यात त्यांवर ‘देणगी’ लिहिले आहे. देणगी असेल आणि संस्थेला आयकराच्या कलम ८०जीची मान्यता असेल, तर १०बीई प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत द्यायला हवे होते. ते कुठे आहे? शिबिराचे शुल्क असेल, तर देणगी कशाला लिहिलेत? आणि खोलीची ठेव असेल, तर ती परत कधी देणार? शिक्षकांना विचारले, तेव्हा हिशेब मागणे हा अहंकार आहे असे त्यांनी यजमानांना सांगितले. घरात औषधांचे पैसे काढताना मला हात आखडता घ्यावा लागतो, आणि अहंकारी आम्ही?

इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. दहा दिवस शिकवण्याचे, राहण्याचे, जेवणाचे शुल्क घेत नाहीत, आणि किमान एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच दान स्वीकारतात. तेव्हा पैशावाचून साधना शिकवता येत नाही, हे आम्हाला सांगू नका.

सार्वजनिक न्यासाचे हिशेब ठेवणे आणि ते लेखापरीक्षकापुढे मांडणे हे १९५० च्या कायद्याने विश्वस्तांचे कर्तव्य आहे. शिक्षकाच्या खात्यात गेलेले दहा लाख तुमच्या हिशेबात आहेत का, एवढे लेखी कळवा. नसतील तर त्याच्याकडून वसूल करून आम्हाला परत करा. महिनाभरात उत्तर आले नाही, तर उतारे आणि पावत्यांसह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दाखल करणार आहे.

आणि या आश्रमात जाणाऱ्या साधकांनो, पैसे संस्थेच्याच खात्यावर भरा आणि पावती हातात पडल्याशिवाय उठू नका.

— एका साधकाची पत्नी